आरमाराचे लाकूड आणि रयतेचा आंबा

कोय रुजवून वाढवलेल्या आंब्याला पहिला मोहर यायला सात-आठ वर्षे सहज जातात. लावणारा वाट पाहतो. पण ज्याला तारू बांधायचे आहे त्याला लाकूड आज हवे असते. या दोन गरजांचा निवाडा रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त केला आहे. राजनीतीच्या ग्रंथात आंब्याफणसाची एवढी वास्तपुस्त व्हावी, याचे मला नेहमी नवल वाटते.

कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी १७१५ च्या सुमारास पंतांनी हा ग्रंथ लिहिला. त्यात ते सांगतात, सागवान वगैरे आपल्या रानातले लाकूड हुजूरच्या परवानगीने तोडावे. उणे पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा, फणस हेही आरमाराच्या कामाचे. पण त्यांना हात लावू देऊ नये. ती झाडे काही वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी जपून वाढवलेली असतात. अमात्य म्हणजे राज्याचा जमाखर्च पाहणारा. तेव्हा हा निव्वळ कनवाळूपणा समजू नये.

शिवाय आजच्या निकडीपायी उद्याचे देणे कसे चढते, ते पंतांनी स्वतः भोगले होते. १६८९ मध्ये शंभुराजे मारले गेले, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. मागे मुलूख सांभाळायचा पंतांनी. खजिना रिकामा, आणि तिकडून औरंगजेब मराठे सरदारांना वतनांची लालूच दाखवीत होता. मग इकडूनही वतने, इनामे कबूल करावी लागली. शिवाजीमहाराजांनी आवरून धरलेली ही चाल पुन्हा सैल सुटली. त्याबद्दल त्या माणसांना बोल लावणे मला तरी जमत नाही. राज्य टिकले ते त्यामुळेही. पण उतारवयात हेच पंत वतनदारांना राज्याचे दायाद म्हणतात. वृत्ती काढून घ्यावी तर अन्याय, मोकळे सोडावे तर राज्याला धोका, असा तो पेच होता.

असा पोळलेला माणूस आंब्याविषयी लिहीत होता. तरी आरमाराची नड त्याने साफ डावलली नाही. एखादे झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, त्याच्या हातात पैसे देऊन, त्याच्या खुशीने ते तोडावे. जबरदस्ती मात्र मुळीच करू नये.