भूमिका माझी, नाटक सगळ्यांचे

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, रात्री दंडार किंवा नाटक होते. पूर्वी स्त्रीपात्रे पुरुषच करीत.

तरुणपणी सानगडीत मी नायक होण्यासाठी हटून बसलो होतो. ऐनवेळी नायिका करणारा आजारी पडला. तालीम घेणारे म्हातारे म्हणाले, "बाबू, तू अडला त नाटक अडलं गा." मी मिशी काढली, लुगडे नेसलो, पण रागाने काम ढिले केले. लोक हसले, आणि नव्या नायकाचाही प्रवेश पडला.

पुढे शिकवताना ८ जुलै १९२१ चे 'संयुक्त मानापमान' नेहमी सांगत असे. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. चढाओढ होतीच, पण दोघेही जीव ओतून गायले. तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले. तो प्रयोग मात्र लोकांच्या आठवणीत राहिला.

मंडळींसाठी भूमिका सोडावी, पण मिळालेली भूमिका अर्ध्या मनाने करू नये. मी पहिले केले, दुसरे चुकलो. मिशी महिन्याभरात पुन्हा आली. ती रात्र काही पुन्हा आली नाही.