यात्रेतले खेळणे आणि धुळ्याचा आयोग

पांझरा नदीकाठचे पिंपळनेर आज साक्री तालुक्यातील एक मोठे बाजारपेठेचे गाव असले, तरी १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये ते एका स्वतंत्र उपविभागाचे नाव होते, आणि डांगाकडील डोंगरपट्टा व खाली धुळ्याकडे पसरलेला सपाट मुलूख यांच्यामधला व्यवहार याच बाजूने होत असे. त्या काळी खेड्यातल्या लहान मुलांच्या वाट्याला येणाऱ्या वस्तू थोड्याच होत्या. सुताराने घडवलेला पाळणा, चालायला शिकणाऱ्या मुलाने धरून ढकलायचा तीनचाकी लाकडी पांगुळगाडा, पोळ्याला कुंभाराकडून येणारे मातीचे बैल, एवढ्यात त्या बहुधा संपत. पांगुळगाड्याचा खिळा निघाला तर तो ठोकणारा सुतार त्याच गावचा बलुतेदार, म्हणजे वर्षाकाठी धान्याच्या रूपाने मोबदला घेऊन गावाची कामे करणारा कारागीर असल्यामुळे वस्तू कोणाची, हा प्रश्नच उद्भवत नसे. मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण ती गाडा दुरुस्त करून देत असे, मुलाच्या इजेची भरपाई देत नसे. मुलाला लागले तर ते नशिबाच्या खाती जमा होई.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८२७ च्या मुंबई इलाख्याच्या चौथ्या विनियमाने न्यायाधीशांना असे सांगितले की, जेथे लिखित कायदा किंवा रूढी सापडणार नाही तेथे न्याय, समदृष्टी आणि सद्विवेक यांनुसार निवाडा करावा. या एका तरतुदीच्या वाटेने इंग्लंडमधील अपकृत्याचा कायदा, म्हणजे करार नसतानाही एकाने दुसऱ्याला केलेल्या इजेबद्दल भरपाई मागण्याचे नियम, येथील न्यायालयांत शिरले, पण त्यांच्याबरोबर त्या नियमांतील उणिवाही आल्या. १८४२ च्या विंटरबॉटम खटल्यात सदोष टपालगाडीमुळे जखमी झालेल्या गाडीवानाला, गाडी पुरवणाऱ्याशी त्याचा स्वतःचा करार नाही म्हणून, भरपाई नाकारण्यात आली होती. भारतापुरते १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाने आईवडिलांसह मृताच्या निकटच्या नातलगांना भरपाईचा दावा लावण्याची मुभा दिली आणि १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम १६ ने ग्राहकाने सांगितलेल्या कामासाठी वस्तू योग्य असण्याची हमी काही परिस्थितीत गृहीत धरली. पण ही हमी विकणारा आणि विकत घेणारा या दोघांपुरतीच होती. आजोबांनी यात्रेतून आणलेल्या खेळण्याने नातवाचा डोळा गेला, तर नातू त्या करारात कोठेच नव्हता.

ही अडचण दूर करणारा निकाल २६ मे १९३२ रोजी लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला. स्कॉटलंडमधील पेझली गावी मैत्रिणीने विकत घेऊन दिलेल्या जिंजर बिअरच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय असल्याची डोनोह्यू नावाच्या महिलेची तक्रार होती. त्यांनी स्वतः काहीच विकत घेतले नव्हते, तरीही अंतिम वापर करणाऱ्याबाबत उत्पादकाने वाजवी काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे तत्त्व तेथे मान्य झाले आणि पुढे भारतीय न्यायालयांनीही ते स्वीकारले.

तत्त्व मान्य झाले तरी साक्रीच्या पट्ट्यातील शेतमजूर कुटुंबाला त्याचा उपयोग फारसा नव्हता. अज्ञान मुलाच्या वतीने दिवाणी दावा लावायचा तर तो वादमित्राने, म्हणजे बहुधा बापाने किंवा आईने, लावावा लागे. मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात न्यायालय शुल्क भरावे लागे. ते भरण्याची ऐपत नसेल तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ प्रमाणे आपली निर्धनता आधी सिद्ध करावी लागे, आणि एवढे झाल्यावर दूरच्या शहरातल्या कारखान्यात नेमकी कोणती हयगय झाली याचा पुरावा द्यायचा तो पुन्हा फिर्यादीनेच.

महाराष्ट्रात हे चित्र बदलण्यास वकिलांपेक्षा ग्राहक चळवळ अधिक कारणीभूत ठरली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली, आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या अधिनियमाने खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाऱ्यालाही ग्राहक मानले. १९९८ मध्ये स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चुकीच्या इंजेक्शनमुळे मेंदूला इजा झालेले मूल आणि त्याचे आईवडील हे दोघेही ग्राहक ठरतात असे म्हटले आणि मुलाला साडेबारा लाख व आईवडिलांना त्यांच्या मनस्तापाबद्दल स्वतंत्र पाच लाख रुपये देण्याचा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा आदेश कायम केला. हा निकाल वैद्यकीय सेवेविषयी असला, तरी पालकांचे दुःख हे स्वतंत्र नुकसान असल्याची त्यातील मान्यता खेळण्याच्या किंवा दुधाच्या बाटलीच्या तक्रारीलाही तेवढीच लागू पडते.

२० जुलै २०२० पासून अंमलात येऊ लागलेल्या २०१९ च्या नव्या अधिनियमात कलम ८२ ते ८७ हे प्रकरण उत्पादन दायित्वाचे, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेच्या जबाबदारीचे आहे. घडणीतील दोष, आराखड्यातील दोष, अपुऱ्या सूचना यांपैकी काहीही दाखवता आले तर उत्पादक बांधला जातो. परंतु पिंपळनेरच्या दृष्टीने याहून मोलाच्या एका बदलाची चर्चा कमी झाली आहे. जुन्या कायद्यात जिल्हा मंच, राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग यांपैकी कोणत्या पायरीवर तक्रार जाणार हे वस्तूची किंमत आणि मागितलेली भरपाई यांच्या बेरजेवर ठरे, आणि जिल्हा मंचाची मर्यादा आरंभी एक लाख, तर २००३ पासून वीस लाख रुपये होती. म्हणजे इजा जितकी भयंकर तितके कुटुंबाला मुंबईच्या राज्य आयोगाकडे जाणे भाग पडे. नव्या कायद्यात केवळ वस्तूसाठी मोजलेली किंमत पाहिली जाते, त्यामुळे शंभर रुपयांच्या खेळण्याने कायमचे अंधत्व आले आणि भरपाई कितीही मागितली, तरी तक्रार धुळ्याच्या जिल्हा आयोगातच राहते, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. स्वस्त माल विकत घेणाऱ्या गरिबाला कायद्याने दिलेली ही सवलत कदाचित कोणी तशा हेतूने दिलेली नसावी. शिवाय कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते, मग कारखाना दिल्लीत असो वा परदेशात.

पिंपळनेरच्या खंडोजी महाराजांच्या यात्रेत आज विकल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांवर बनवणाऱ्याचे नाव पुष्कळदा नसते आणि पावती तर कोणी मागतही नाही. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने तपासलेल्या आयात खेळण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश खेळणी नापास ठरल्यानंतर १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट मिळाली, म्हणून पांगुळगाडा करणारा सुतार नोंदणी करून त्या कक्षेबाहेर राहू शकतो. निनावी मालाबाबत २०१९ च्या अधिनियमाच्या कलम ८६ ने उत्तर दिले आहे, ते असे की उत्पादक कोण हेच कळत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विकणाऱ्यालाच जबाबदार धरता येते. त्यासाठी दुकानदाराची ओळख, फुटलेले खेळणे, त्याचे वेष्टन आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवणे एवढेच कुटुंबाच्या हाती असते. ग्राहक आयोगाकडील तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. दिवाणी दाव्यासाठी मात्र १९६३ च्या मुदत अधिनियमाने अज्ञानपण संपल्यावर तीन वर्षांपर्यंत वाट मोकळी ठेवली आहे, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे मुलांना, स्त्रियांना व अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.