गावराणी कापूस आणि मुद्रित संशोधन : परभणी जिल्ह्याच्या कृषि-इतिहासातील एक प्रकरण

१

प्रयोग शेतात किंवा प्रयोगशाळेत होतो. परंतु त्याचा वृत्तान्त छापला जाऊन इतरांच्या परीक्षणास खुला होईपर्यंत तो एका व्यक्तीचा अनुभव एवढेच त्याचे मोल असते. छापल्याने अनुभवाचे ज्ञानात रूपांतर होते, हे सामान्यतः मान्य आहे. छापताना कोणत्या मापाने वस्तू मोजली गेली आणि कोणत्या भाषेत ते माप सांगितले गेले, ह्यांवरही त्या वस्तूचे पुढील भवितव्य अवलंबून असते. ह्या दुसऱ्या बाजूकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. परभणी जिल्ह्यातील गावराणी कापसाचा इतिहास ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

दर वर्षी नव्याने उगवणारा, वापरून झाल्यावर मातीत मिसळून जाणारा आणि ज्याचे बीज शेतकऱ्याच्या घरीच राहते असा हा तंतू होय. पुनर्निर्मितिक्षम द्रव्यांचा जो विचार आज जगभर चालू आहे, त्याचे ह्याहून जवळचे उदाहरण मराठवाड्यात दुसरे सापडणे कठीण.

२

गोदावरी, पूर्णा आणि दुधना ह्या नद्यांच्या परिसरातील ही काळी जमीन ओल धरून ठेवणारी आहे. पावसाच्या पाण्यावर येणारी कपाशी येथे पूर्वापार होत आली. वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत ही कपाशी ‘गॉसिपियम आर्बोरियम’ ह्या जातीची. तिच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात. अमेरिकेतून आलेल्या ‘गॉसिपियम हिर्सुटम’ ह्या जातीत ती ५२ असतात. विदर्भातील हिंगणघाटच्या प्रसिद्ध ‘बनी’ कापसाशी गावराणीचे जवळचे नाते आहे. दोन्हींचा तंतू आखूड धाग्याच्या भरड देशी कापसापेक्षा सरस होता.

हा गुण बाजारात टिकला नाही, ह्याचे कारण बाजाराच्या मापात होते. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले व लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे दृष्टी वळविली. पुढे १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड लोहमार्ग परभणीवरून गेला आणि येथील कापूस मुंबईच्या बाजाराशी थेट जोडला गेला. सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने आले. सेलू आणि मानवत ह्या पेठांना महत्त्व आले. परंतु कारखानदार आणि आडत्या ह्यांचा हिशेब रुईच्या उताऱ्यावर चाले. एक मण कापसातून रुई किती निघते, हा त्यांचा पहिला प्रश्न. भरड जातीचा उतारा अधिक आणि बारीक तंतूच्या जातीचा कमी. साहजिकच भरड कापसाला उत्तेजन मिळाले. बारीक कापसात भरड कापूस मिसळून तो विकण्याची रीतही पडली. मुंबईत वऱ्हाड, खानदेश आणि हैदराबाद राज्य येथील बराचसा माल ‘ऊमरा’ ह्या एकाच व्यापारी नावाखाली मोडत असल्यामुळे परभणीच्या गावराणीला स्वतःची अशी ओळख उरली नाही.

३

ह्या मिसळीस आळा घालणे आणि कापसाचा दर्जा सुधारणे ह्यांसाठी १९१७ मध्ये भारतीय कापूस समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील शिफारशींना अनुसरून १९२१ मध्ये मध्यवर्ती कापूस समिती अस्तित्वात आली आणि १९२३ च्या कायद्याने तिला निधीचे साधन मिळाले. परदेशी जाणाऱ्या व देशातील गिरण्यांत खपणाऱ्या कापसाच्या गाठींवर अल्प कर बसविण्यात आला व त्यातून संशोधनाचा खर्च भागू लागला. कर व्यापारी किंवा गिरणी भरी. पण त्याचा काही भार अखेरीस कापूस पिकविणाऱ्याच्या दरातूनच वसूल होणार, हे उघड आहे. कापसावरील जे संशोधन पुढील चाळीस वर्षे छापले गेले, त्याच्या खर्चातला काही वाटा ह्याप्रमाणे कोरडवाहू शेतकऱ्याचा होता.

समितीने १९२४ मध्ये मुंबईस माटुंगा येथे तंत्रसंशोधनशाळा स्थापन केली. तोपर्यंत कापसाची पारख म्हणजे चिमटीत रुई घेऊन ती ओढून पाहणाऱ्या जाणत्या दलालाची नजर. माटुंग्यास तंतूची लांबी, त्याची तलमता, बळकटी आणि पक्वता ही उपकरणांनी मोजली जाऊ लागली. थोड्याशा नमुन्यापासून प्रत्यक्ष सूत कातून ते कोणत्या नंबरापर्यंत टिकते, हेही पाहिले जाऊ लागले. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा नंबर. वीस नंबरी सुतापेक्षा चाळीस नंबरी सूत बारीक. देशातील प्रमाणभूत वाणांची ही मापे समितीच्या पत्रकांतून वर्षानुवर्षे प्रसिद्ध होत राहिली. दलालाचे ज्ञान त्याच्याबरोबर जाई. माटुंग्याचे आकडे मात्र कोणासही पडताळून पाहता येत. छापील संशोधनाचा हा सर्वांत मोठा लाभ होय.

४

परभणीस निजाम राज्याने १९१८ मध्ये मुख्य प्रयोगक्षेत्र सुरू केले आणि मराठवाड्यातील शास्त्रीय शेती-संशोधनाचा पाया तेथे घातला गेला. कापसाच्या कामाला नांदेड येथील केंद्राची जोड मिळाली. शेतकऱ्यांच्या मिश्र पिकातून चांगली झाडे निवडून, त्यांची संतती वेगळी वाढवून शुद्ध वाण तयार करण्याची पद्धत अवलंबिली गेली. ‘गावराणी ६’ आणि ‘गावराणी १२’ ही नावे ह्याच परंपरेतील. ज्या कापसाला बाजारात स्वतःचे नाव नव्हते, त्याला संशोधनाच्या पृष्ठांत नाव आणि क्रमांक मिळाला.

ह्याच काळात प्रयोगाचा वृत्तान्त लिहिण्याची रीतही बदलली. १९०६ पासून ‘ॲग्रिकल्चरल जर्नल ऑफ इंडिया’ हे नियतकालिक चालू होते. १९२९ मध्ये शेती-संशोधन परिषद स्थापन झाल्यावर १९३१ पासून ‘इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्स’ निघू लागले. कापूस समितीचे ‘इंडियन कॉटन ग्रोइंग रिव्ह्यू’ १९४७ मध्ये सुरू झाले. एका वाफ्यात एक वाण आणि शेजारच्या वाफ्यात दुसरा लावून ‘हा अधिक बरा’ असे म्हणणे आता पुरेसे राहिले नाही. जमिनीतील फरकाचा दोष निघावा म्हणून वाफ्यांची मांडणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे करावयाची, तोच प्रयोग अनेक हंगाम आणि अनेक ठिकाणी करावयाचा आणि आलेला फरक योगायोगाचा नाही हे गणिताने दाखवावयाचे, असा दंडक पडला. इंदूरच्या संस्थेत कापसाच्या अनुवंशशास्त्रावर काम केलेले वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे ह्या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचा शेती-संशोधकांसाठी लिहिलेला ग्रंथ १९५४ मध्ये निघाला. पुढे देशभरच्या कृषि महाविद्यालयांत तो पाठ्यग्रंथासारखा वापरला गेला.

ह्या सर्व व्यवहाराची भाषा इंग्रजी होती. निजाम राज्याचा कारभार उर्दूत चाले आणि परभणीचा शेतकरी मराठी बोले. त्याच्या शेतातून निवडलेल्या झाडाचा वृत्तान्त त्याच्या भाषेपासून दोन पायऱ्या दूर जाऊन छापला जात होता. सुधारलेले बी त्याच्यापर्यंत पोहोचले. ते का सुधारलेले आहे, ह्याचे कारण मात्र पोहोचले नाही.

५

१९४७ च्या फाळणीने पंजाब व सिंधमधील लांब धाग्याच्या कापसाचा मोठा प्रदेश पाकिस्तानात गेला. भारतातील गिरण्यांना लांब धागा हवा होता आणि देशातील बहुतांश क्षेत्र तर देशी जातींखाली होते. तेव्हापासून तंतूची लांबी हेच कापसाच्या योग्यतेचे मुख्य माप झाले. १९७० मध्ये सी. टी. पटेल ह्यांनी सुरत येथे ‘एच–४’ हा संकरित वाण प्रसृत केला; १९८० च्या दशकात नांदेडहून निघालेला ‘एनएचएच–४४’ हा संकर मराठवाडा आणि विदर्भ येथे घरोघर पोहोचला. २००२ मध्ये बीटी कपाशीस अनुमती मिळाल्यावर देशी कपाशीचे उरलेसुरले क्षेत्रही झपाट्याने घटले.

ह्यात कोणाची फसवणूक होती असे म्हणता येणार नाही. नव्या वाणांनी उत्पन्न वाढविले आणि बोंडअळीपासून काही वर्षे मोठा दिलासाही दिला. परंतु लांबीच्या मापात न बसणारे देशी कपाशीचे जे गुण होते, त्यांची गणना मागे पडली. कमी ओलाव्यात तग धरण्याची शक्ती, तुडतुडे व फुलकिडे ह्यांसारख्या रसशोषक किडींना होणारा प्रतिकार, आणि पुढील वर्षाचे बी घरच्याच सरकीतून राखण्याची सोय ही त्यांतील ठळक होत. संकरित बियाणे दर वर्षी विकत घ्यावे लागते. तंतू पुनर्निर्मितिक्षम राहिला, पण बीज तसे राहिले नाही. २०१७ मध्ये महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचे फार मोठे नुकसान केले, तेव्हा ह्या विसरलेल्या गुणांची आठवण पुन्हा झाली. देशी कपाशी निर्दोष आहे असे मात्र नाही. दहिया रोगास ती बळी पडते.

६

ही आठवण केवळ हळहळ न ठरता कार्यास लागू शकली, ह्याचे श्रेय परभणीच्या अखंड संशोधन-परंपरेस आहे. १९५६ मध्ये परभणीस कृषि महाविद्यालय निघाले. १९६६ मध्ये मध्यवर्ती कापूस समिती विसर्जित होऊन तिचे काम भारतीय कृषि अनुसंधान परिषदेकडे गेले. १९६७ मध्ये अखिल भारतीय समन्वित कापूस प्रकल्प सुरू झाला. आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक ह्यांच्या नावाने ओळखले जाते. संकरित वाणांच्या भरभराटीच्या काळातही येथे देशी कपाशीचे पैदास-कार्य थांबले नाही. ‘पीए २५५’ अर्थात परभणी तुराब, ‘पीए ४०२’ अर्थात विनायक आणि ‘पीए ०८’ हे वाण त्यातून निघाले. त्यांच्यामागून आलेल्या ‘पीए ७४०’, ‘पीए ८१०’, ‘पीए ८१२’ आणि ‘पीए ८३७’ ह्या वाणांच्या तंतूची लांबी २८ ते ३१ मिलिमीटर असल्याचे केंद्र शासनाने २०२३ मध्ये संसदेत सांगितले. देशातील इतर देशी वाणांची लांबी १६ ते २८ मिलिमीटर आहे. म्हणजे ज्या मापाने देशी कपाशी बाद ठरविली होती, त्याच मापावर परभणीच्या पैदासकारांनी तिला उतरवून दाखविले.

ह्या यशाचा अर्धा भाग मुद्रणाचा आहे. जुने आकडे छापलेले होते म्हणूनच नव्या वाणाची तुलना कशाशी करावयाची हे ठाऊक होते. उरलेला अर्धा भाग जिवंत बीजाचा. कागदावरील आकडा शंभर वर्षे टिकतो. सरकी मात्र काही वर्षांनी पुन्हा पेरावीच लागते. संग्रहातील बी पेरले गेले नसते, तर गावराणीवरील सारे लेख म्हणजे एका नष्ट वस्तूचे वर्णन ठरले असते.

७

कापसाच्या झाडाचे दुसरे द्रव्य म्हणजे पऱ्हाटी. तिची कथा अधिक बोधप्रद आहे. वेचणी संपल्यावर हेक्टरी सुमारे दोन ते तीन टन पऱ्हाट्या शेतात उरतात. त्यांतील काही चुलीत जातात आणि पुष्कळशा बांधावर जाळल्या जातात. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड ह्यांनी ह्याच प्रकारच्या कठीण काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत शोधली व तिचा वृत्तान्त १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. कठीण देठ गाडीवाटेवर पसरावयाचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली ते चिरडले गेले की ढिगात घालावयाचे, इतकी ती युक्ती साधी होती. पुढे माटुंग्याच्या संस्थेने पऱ्हाटीच्या चुऱ्यापासून लाकडाच्या फळीसारखे तक्ते करण्याचे तंत्र विकसित केले. लाकूडतोड वाचविणारे हे द्रव्य परभणीच्या प्रत्येक कापूस-शेतात दर वर्षी तयार होते.

तरीही धूर थांबलेला नाही. पऱ्हाटी विरळ पसरलेली, फुगीर आणि वाहतुकीस महाग. ती गोळा करून, बारीक करून कारखान्यापर्यंत नेण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, ह्या प्रश्नापाशी काम अडते. तक्त्याच्या बळकटीवरील लेख सहज छापला जातो. गाडीभाड्याच्या हिशेबाला संशोधनपत्रिकेत क्वचित जागा मिळते. अयशस्वी प्रयोगही सहसा छापले जात नाहीत आणि त्यामुळे तीच चूक दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा होते.

८

गावराणीच्या ह्या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, बाजाराने रुईचा उतारा मोजला तेव्हा बारीक तंतू मागे पडला आणि गिरणीने लांबी मोजली तेव्हा कोरडवाहू जमिनीचे बळ मागे पडले. एखाद्या द्रव्याची योग्यता ठरविताना पाणी, खत, बीज आणि अवशेष ह्या सर्वांचे माप एकाच लेखात मांडले गेले पाहिजे. दुसरी, मुद्रित संशोधन आणि जिवंत बीजसंग्रह ही एकमेकांवाचून अपुरी आहेत. तिसरी, ज्याच्या शेतात प्रयोगाचे मूळ आणि फळ दोन्ही आहेत, त्याच्या भाषेत निष्कर्ष पोहोचला नाही तर संशोधनाची साखळी अखेरच्या कडीपाशी तुटते. प्रत्येक शोधनिबंधास मराठी सारांश जोडणे व त्यात खर्चाचा आणि अपयशाचा भाग स्पष्ट लिहिणे, हे काम खर्चिक नाही.

परभणीच्या काळ्या जमिनीत आजही काही शेतकरी देशी कपाशी पेरतात. त्यांच्या सरकीची आणि ग्रंथालयातील जुन्या पत्रकांची गाठ घालून देणे, हे ह्या प्रदेशातील विद्यासंस्थांचे शिल्लक राहिलेले काम आहे.