बागेतील दिव्यात कोणाचे घर?

बागेतील दिव्याची काच काढावी आणि आत मातीचा ओबडधोबड गोळा चिकटलेला दिसावा, झोपाळ्याच्या पोकळ पाइपाच्या तोंडाशी पानांचा बोळा आढळावा किंवा नळाच्या पेटीजवळ जाताच आतून गुणगुण ऐकू यावी, हा अनुभव घराभोवती किंवा गच्चीवर बाग करणाऱ्यांना नवा नाही. अशा वेळी हात प्रथम कीटकनाशकाच्या फवाऱ्याकडे जातो. मात्र घर कोणाचे आहे हे न पाहता केलेली फवारणी बहुधा अनावश्यक आणि काही वेळा धोक्याची ठरते.

मातीचे घर कुंभारणीचे. ही माशी एकटी राहते. मादी चिखलाच्या गोळ्या आणून कप्पे बांधते, त्यांत डंखाने लुळे केलेले कोळी भरते, अंडे घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. घराच्या रक्षणासाठी ती थांबत नाही, त्यामुळे खुरप्याने ते खरवडून काढताना ती अंगावर येण्याची भीती जवळजवळ नसते. कप्प्यांना गोल भोके पडलेली असतील, तर आतील माश्या केव्हाच उडून गेल्या आहेत असे समजावे. तिचा खरा उपद्रव म्हणजे अरुंद छिद्रे बुजवणे. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकात विमान कोसळून १८९ जण मृत्युमुखी पडले. वेग मोजणारी नळी अशाच माशीच्या घराने बुजली असावी, असा संशय तेव्हा व्यक्त झाला होता. बागेत एवढे संकट नाही. पण दिव्याच्या तळाचे पाणी निथळण्याचे छिद्र बुजले, तर पाणी तारांपर्यंत पोहोचते.

पाइपातील पानांचा बोळा पाने कातरणाऱ्या माशीचा असतो. गुलाबाच्या पानांना नीट गोल काप पडलेले दिसले की तिची ओळख पटते. लाकडी मांडवाखाली भुसा पडत असेल, तर वर भुंग्याने बीळ कोरले आहे. दोघेही क्वचितच डंख करतात आणि परागीभवनास उपयोगी पडतात. कृष्णकमळाला फळ धरते ते बव्हंशी भुंग्यामुळेच.

गांधीलमाशीचे प्रकरण मात्र निराळे. वनस्पतीचे तंतू चावून केलेल्या कागदासारख्या पदार्थाचे, देठाने लटकणारे तिचे पोळे दिव्याच्या छत्रीखाली किंवा लोखंडी खुर्चीच्या बैठकीखाली असते. बसणाऱ्याला ते दिसत नाही, हीच अडचण. माश्या एकत्र राहतात, पोळे हलले की हल्ला करतात आणि प्रत्येक माशी अनेकदा डंख करू शकते. एक-दोन माद्यांनी नुकतीच सुरुवात केली असेल, तर त्या बाहेर गेल्यावर लांब काठीने पोळे पाडावे. मोठे झालेले पोळे घरच्या घरी काढू नये. ते काम जाणकाराकडून अंधार पडल्यावर, दिव्याचा वीजपुरवठा मुख्य बटणापासून बंद करून करवून घ्यावे. रॉकेलचा बोळा पेटवून पोळे जाळण्याची जुनी पद्धत तारा आणि प्लॅस्टिक असलेल्या ठिकाणी निव्वळ अविचाराची आहे.

पेटीत किंवा रिकाम्या कुंडीत एकापुढे एक मेणाची पोळी दिसली, तर ती सातेरी मधमाशी होय. तिला मारू नये आणि तोंड बुजवून आत कोंडूही नये. मधपाळ राणीसह पूर्ण वसाहत लाकडी पेटीत हलवतात. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयात अशा मधपाळांविषयी चौकशी करता येईल.

डंख झालाच तर मधमाशीचा त्वचेत रुतलेला काटा तत्काळ खरवडून काढावा व बर्फ लावावा. ओठ किंवा जीभ सुजणे, अंगभर गांधी उठणे, धाप लागणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. तेथे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन मिळणे हाच खरा उपचार असतो. एकाच वेळी पुष्कळ डंख झाले असतील, तर ही लक्षणे नसली तरी डॉक्टरांना दाखवावे. पूर्वी अशी प्रतिक्रिया आलेल्या व्यक्तीने पोळ्याजवळ जाऊच नये.

रिकामी झालेली जागा धुऊन लगेच बंद करावी, कारण जुन्या जागी नवे बिऱ्हाड येण्यास वेळ लागत नाही. पाइपांच्या तोंडांना रबरी टोपणे, निचऱ्याच्या छिद्रांना बारीक जाळी आणि लाकडाला तैलरंग एवढे पुरते. मांडवाच्या बांबूंची कापलेली टोके मात्र बहुतेक जण विसरतात.