सांध्यांतला गंज

नवी मोटार दारांत येऊन उभी राहिली म्हणजे घरांतल्या सर्वांची दृष्टि प्रथम तिच्या रंगावर जाते. परंतु गाडीच्या आयुष्याचा निकाल बहुधा रंगावर लागत नाहीं. तो लागतो, दोन पत्रे एकमेकांवर ठेवून जेथें सांधलेले असतात त्या अंधाऱ्या फटींत. तेथें रंगाऱ्याचा हात पोंचत नाहीं. पाणी मात्र पोंचतें.

पहिल्या मोटारींना ही चिंता फारशी नव्हती. त्यांची घडण घोडागाडीचीच होती. खालीं जाड पोलादी पट्ट्यांचा, रिव्हेट मारून जोडलेला सांगाडा आणि त्यावर लांकडी चौकटीची, पत्र्यानें मढविलेली पेटी. पेटीला गंज चढला तर ती कुरूप दिसे, फार तर बदलली जाई. ज्या सांगाड्यावर एंजिनाचा व माणसांचा भार होता तो इतका जाड असे कीं, त्याला पोखरावयास गंजाला पुष्कळ वर्षें लागत. तोंवर गंज ही रूपाची बाब होती, जिवाची नव्हती.

ही स्थिति पालटली ती वेल्डिंगच्या कलेमुळें. धातूचे दोन तुकडे एकमेकांस दाबून धरून त्यांतून जोरदार विद्युत्प्रवाह सोडावयाचा व त्यांतच उत्पन्न होणाऱ्या उष्णतेनें ते एकजीव करावयाचे, ही पद्धति एलिहू टॉमसन यानें अमेरिकेंत आणली. १८८६ सालीं तिचें पेटंट त्याला मिळालें. पुढें १९१२ मध्यें फिलाडेल्फिया शहरीं एडवर्ड बड यानें कारखाना काढला, आणि लांकूड वगळून सबंध पोलादी पत्र्याची पेटी वेल्डिंगनें जोडण्याचा ध्यास घेतला. डॉज बंधूंनीं तिचा स्वीकार केला. फ्रान्समध्यें आंद्रे सित्रोएन यानें ती विद्या हक्क घेऊन आपल्या कारखान्यांत नेली. १९३४ सालीं त्याची ‘त्राक्सियाँ आव्हाँ’ ही पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी गाडी बाहेर पडली. तिला निराळा सांगाडाच नव्हता. पेटी हाच सांगाडा. गाडी हलकी झाली, ठेंगणी झाली, आणि तरीहि मजबूत राहिली. तिच्या खर्चानें मात्र सित्रोएनचें दिवाळें निघालें व कारखाना मिशलँ कंपनीच्या हातीं गेला. पुढच्याच वर्षीं तो वारला. पण त्याची कल्पना जगभर पसरली.

या कल्पनेंत एक खोंच होती. सारा भार आतां एखाद्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर व त्याच्या सांध्यांवर आला. आणि सांधा हेंच गंजाचें आवडतें स्थान. केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनीं १९२० नंतरच्या दशकांत याचें कारण फार सोप्या प्रयोगानें दाखविलें. पोलादावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला, तर लोखंड झिजतें तें थेंबाच्या कडेला नव्हे, मध्यभागीं. कडेला हवेंतील प्राणवायु भरपूर मिळतो, मध्यें तो कमी पडतो. या असमानतेमुळें थेंबांतच एक लहानशी विद्युत्घटमाला तयार होते आणि जेथें प्राणवायूची टंचाई तेथील धातु विरघळूं लागतो. एकावर एक ठेवून ठिकठिकाणीं डागलेल्या दोन पत्र्यांमधील फट म्हणजे असा थेंबच, आणि तोहि लवकर न सुकणारा. बाहेरून कांहींच दिसत नाहीं. दिसूं लागतें तेव्हां आंतून भोंक पडलेलें असतें.

मौज अशी कीं, या रोगावरचा राजेशाही उपाय त्याच बडच्या कारखान्यांत त्याच वर्षीं तयार होता. न गंजणारें पोलाद फार वेळ तापविलें तर त्यांतील क्रोमियम कर्बाशीं जखडला जातो व सांध्याजवळ गंजाला वाट मिळते. म्हणून बडचा अभियंता अर्ल रॅग्जडेल यानें क्षणार्धांत डाग देऊन मोकळी होणारी युक्ति काढली. तिनें जोडलेली ‘झेफर’ आगगाडी २६ मे १९३४ रोजीं डेन्व्हरहून शिकागोपर्यंत १३ तास ५ मिनिटांत धांवली. ती आज शिकागोच्या संग्रहालयांत उभी आहे. परंतु तें पोलाद सामान्य माणसाच्या मोटारीस परवडणारें नव्हतें. मोटारीच्या वांट्याला साधा पत्रा आला आणि वर रंग.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत व युरोपांत हिवाळ्यांत रस्त्यांवर मीठ टाकण्याची चाल वाढली आणि त्याची किंमत मोटारींनीं भरली. मुंबईकरांस मिठाची ही करणी समजावून सांगावयास नको. कुर्ल्यास तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही अशाच एकजीव पेटीची गाडी. समुद्राच्या खाऱ्या हवेंत व पावसाळ्यांत तिच्या टॅक्सीवाल्यांना पत्र्याची डागडुजी चुकली नाहीं. (२०२३ सालीं ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.) ब्रिटनमध्यें तर १९८० सालीं लान्चिया कंपनीवर आपल्या ‘बीटा’ गाड्या गिऱ्हाइकांकडून परत विकत घेण्याची पाळी आली, एंजिनाचा भार पेलणारे भागच कांहीं थोड्या वर्षांत गंजले होते. त्या देशांत कंपनीचें नांव पुनः वर आलें नाहीं.

उपाय सुचले नव्हते असें नाहीं. लोखंडावर जस्ताचा लेप चढविण्याचें पेटंट सोरेल या फ्रेंच माणसानें १८३७ सालींच घेतलें होतें. अडचण सांध्याचीच होती: जस्त ९०७ अंशांना उकळतें, पोलाद सुमारें १५०० अंशांना वितळतें, म्हणजे वेल्डिंगच्या डागाखालचें जस्त पोलाद सांधण्यापूर्वींच उडून जावयाचें. ही अडचण आटोक्यांत आणण्यास फार काळ गेला. मध्यंतरीं, १९६० नंतरच्या दशकांत, फोर्ड कंपनीनें सबंध पेटी रंगाच्या हौदांत बुडवून विजेच्या ओढीनें रंग फटीफटींत बसविण्याची रीत रूढ केली. जस्ताचा पत्रा पोर्शे कंपनीनें १९७६ च्या गाड्यांना वापरला व गंजून भोंक न पडण्याची सहा वर्षांची हमी दिली. १९८५ च्या सुमारास औडीनेंहि तोच मार्ग धरला. वर फांसण्याचा रंग आतां मूळ पत्र्याच्या घडणींत शिरला, हीच या साऱ्या इतिहासांतली खरी उलथापालथ.

तरीहि प्रश्न मिटला नाहीं. मालवाहू गाड्यांना आजहि वेगळा वेल्ड केलेला सांगाडा असतो. टोयोटाच्या ‘टॅकोमा’ गाड्यांचे असे सांगाडे अमेरिकेंत गंजूं लागले, तेव्हां कंपनीनें २००८ मध्यें १९९५ ते २००० या काळांतील सदोष गाड्या बाजारभावाच्या दीडपट किंमत देऊन परत घेतल्या. पुढें नव्या गाड्यांच्याहि तक्रारी न्यायालयांत गेल्या आणि २०१६ सालीं सुमारें १५ लाख गाड्यांसंबंधीं तडजोड झाली. दोष मान्य न करतांहि कंपनीनें गाड्यांचे सांगाडे तपासून देण्याचें व जे पोखरलेले निघतील ते बदलून देण्याचें कबूल केलें.