तीलोस

तीलोस हे एजियन समुद्राच्या आग्नेय भागातील ग्रीस देशाचे एक लहान बेट आहे. ते दोदेकानीस द्वीपसमूहात, कोस व ऱ्होड्स या मोठ्या बेटांच्या दरम्यान वसलेले आहे. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस किलोमीटर असून २०२१च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे ७५० आहे. शेजारच्या बेटांवर उन्हाळ्यात पर्यटकांची गर्दी उसळते, तीलोस मात्र आजही शांत व तुलनेने अपरिचित राहिले आहे. ठेंगण्या हत्तींचे जीवाश्म, शिकारीवरील बंदी, स्वतःपुरती वीजनिर्मिती आणि कचरा व्यवस्थापनाचा प्रयोग यांमुळे या बेटाचे नाव अभ्यासकांच्या परिचयाचे झाले आहे.

नावाची व्युत्पत्ती

ग्रीक आख्यायिकेनुसार सूर्यदेव हेलिओस व हालिया यांचा पुत्र तीलोस आजारी आईसाठी औषधी वनस्पती शोधत या बेटावर आला आणि त्याच्याच नावावरून बेटाला हे नाव पडले. रोमन लेखक थोरला प्लिनी याने येथील सुगंधी लेपाचा उल्लेख केला असून, कवी कॅलिमाकस या बेटाला आगाथुसा म्हणत असे, अशीही नोंद केली आहे.

भूगोल

बेट वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेले असून त्याची लांबी सुमारे १४.५ किलोमीटर आहे. भूप्रदेश डोंगराळ व बहुतांशी चुनखडकाचा आहे. प्रोफितिस इलियास (६५४ मीटर) हे सर्वोच्च शिखर होय. निसिरोस या शेजारच्या बेटावर ज्वालामुखी असल्याने तीलोसच्या काही भागांत ज्वालामुखीय राख व प्यूमिस दगडाचे थर आढळतात. डोंगरांमधील सपाट खोऱ्यांत पूर्वी धान्यशेती होत असे. उतारांवर रचलेल्या दगडी बांधांच्या पायऱ्या आजही त्या शेतीची साक्ष देतात. हवामान भूमध्यसागरी प्रकारचे असून पाऊस प्रामुख्याने हिवाळ्यात पडतो.

लिवादिया हे बंदराचे गाव पूर्वेकडील उपसागराच्या काठी आहे. मेगालो खोरिओ हे प्रशासकीय केंद्र बेटाच्या उत्तर भागात डोंगरउतारावर वसले आहे. मिक्रो खोरिओ हे तिसरे गाव आता ओसाड आहे. मेगालो खोरिओ व मिक्रो खोरिओ या नावांचा अर्थ अनुक्रमे ‘मोठे गाव’ व ‘लहान गाव’ असा आहे. मराठी ग्रामनामांतील बुद्रुक आणि खुर्द यांसारखीच ही जोडी होय.

ठेंगणे हत्ती

बेटाच्या मध्यभागी असलेल्या खार्कादिओ गुहेत १९७१ साली जीवाश्मशास्त्रज्ञ निकोलाओस सिमेओनिदिस यांनी उत्खनन सुरू केले. तेथे ठेंगण्या हत्तींची हजारो हाडे सापडली. पुढील संशोधनानंतर २००७ मध्ये या हत्तींना पॅलिओलॉक्सोडॉन तिलिएन्सिस ही स्वतंत्र प्रजाती म्हणून मान्यता मिळाली. मुख्य भूमीवरील महाकाय हत्तींचे वंशज बेटावर अडकले. मर्यादित अन्न आणि मोठ्या शिकारी प्राण्यांचा अभाव अशा परिस्थितीत पिढ्यानुपिढ्या त्यांचा आकार घटत गेला. या प्रक्रियेस द्वीपीय खुजेपणा असे म्हणतात. यातील पूर्ण वाढ झालेल्या हत्तीची उंची साधारणपणे माणसाएवढी होती. हे हत्ती सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे एजियन प्रदेशात मानवी संस्कृती नांदत असताना, तग धरून होते असे काही संशोधक मानतात. या कालनिश्चितीबाबत मतभेद आहेत. तथापि हे युरोपातील अखेरच्या हत्तींपैकी होते, असे सामान्यतः मानले जाते. गुहेतील अवशेषांची माहिती देणारे संग्रहालय बेटावर आहे.

इतिहास

हिरॉडोटसच्या इतिहासग्रंथात तीलोसचा उल्लेख येतो. सिसिलीमधील गेला या वसाहतीच्या स्थापनेत ऱ्होड्सवरील लिंडोसच्या लोकांसोबत तीलोसचा एक रहिवासी सहभागी होता आणि सिराक्यूसचा सत्ताधीश गेलोन हा त्याचाच वंशज, असे त्याने नमूद केले आहे. इ.स.पू. चौथ्या शतकातील कवयित्री एरिन्ना ही तीलोसची असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. प्राचीन परंपरेत मात्र तिच्या जन्मस्थळासाठी इतरही नावे दिली जातात. बालमैत्रीण बाउकिस हिच्या मृत्यूवर तिने रचलेल्या ‘चाती’ या दीर्घ शोककाव्याचे काही तुकडे १९२८ साली इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसमुळे उपलब्ध झाले. ती अवघ्या एकोणिसाव्या वर्षी निवर्तली, असे परंपरा सांगते.

मध्ययुगात बेट सेंट जॉनच्या सरदारांच्या ताब्यात होते. मेगालो खोरिओ, मेसारिआ इत्यादी ठिकाणच्या किल्ल्यांचे अवशेष त्या काळाशी निगडित आहेत. समुद्री चाच्यांच्या भीतीमुळे वस्ती किनाऱ्यापासून दूर, डोंगरांच्या आडोशाला राहिली. सोळाव्या शतकात बेट ऑटोमन साम्राज्यात गेले. १९१२ मध्ये ते इटलीने घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर काही काळ ब्रिटिश प्रशासन होते आणि १९४८ मध्ये दोदेकानीसमधील इतर बेटांसह तीलोस ग्रीसमध्ये विधिवत विलीन झाले.

लोकवस्तीचा ऱ्हास व पुनरुत्थान

विसाव्या शतकात रोजगाराच्या शोधात येथील अनेक कुटुंबे ऱ्होड्स, अथेन्स व परदेशांत स्थलांतरित झाली. चाच्यांचे भय संपल्यावर मिक्रो खोरिओचे रहिवासी टप्प्याटप्प्याने बंदराजवळच्या लिवादियात उतरले. १९६०च्या दशकापर्यंत गाव रिकामे झाले. जाताना त्यांनी घरांच्या छपरांचे लाकूड नव्या घरांसाठी सोबत नेले. त्यामुळे तेथे आज बिनछपराच्या दगडी भिंती व जतन केलेले चर्च एवढेच उरले आहे. १९९१च्या जनगणनेच्या वेळी बेटाची लोकसंख्या ३००हून कमी झाली होती. लहान बेटावरची वस्ती एका मर्यादेपलीकडे घटली की शाळा, वैद्यकीय सेवा व नौकासेवा टिकवणे कठीण होते. या सुविधा गेल्या की उरलेली कुटुंबेही बेट सोडतात. तीलोसपुढे हेच संकट उभे होते.

त्यानंतर लोकसंख्या वाढत जाऊन २०११ पर्यंत ७५०च्या पुढे गेली. डॉक्टर व पुढे महापौर झालेले तासोस आलिफेरिस (मृत्यू २०१२) यांचे कार्य या संदर्भात महत्त्वाचे मानले जाते. जून २००८ मध्ये त्यांनी दोन समलिंगी जोडप्यांचे नागरी विवाह लावले. ग्रीसमधील हे अशा प्रकारचे पहिले विवाह होते. न्यायालयाने ते पुढे अवैध ठरवले. ग्रीसमध्ये समलिंगी विवाहास कायदेशीर मान्यता २०२४ मध्ये मिळाली. २०१५ नंतर सिरियातील निर्वासित कुटुंबांनाही तीलोसने आश्रय दिला.

निसर्गसंरक्षण

१९९३ पासून बेटावर शिकारीस बंदी आहे. युरोपीय संघाच्या नॅचुरा २००० या संरक्षित क्षेत्रांच्या जाळ्यात तीलोसचा समावेश आहे. एलेनोराचा ससाणा येथील कड्यांवर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पिल्ले वाढवतो. त्या काळात दक्षिणेकडे स्थलांतर करणारे लहान पक्षी त्याचे भक्ष्य ठरतात. हिवाळ्यात तो मादागास्करकडे जातो. बोनेलीचा गरुडही येथे आढळतो.

ऊर्जा व कचरा व्यवस्थापन

तीलोसला पूर्वी कोस बेटावरील तेलावर चालणाऱ्या केंद्रातून समुद्राखालील केबलद्वारे वीज मिळत असे. केबलमध्ये बिघाड झाल्यास बेट अंधारात जाई. २०१५ मध्ये युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने सुरू झालेल्या प्रकल्पात ८०० किलोवॅट क्षमतेची पवनचक्की, १६० किलोवॅटचे सौरपॅनेल आणि २.८८ मेगावॅट-तास क्षमतेची बॅटरी यांची सांगड घालण्यात आली. वारा व ऊन मुबलक असताना साठवलेली वीज नंतर वापरता येत असल्याने बाहेरच्या विजेवरील अवलंबित्व घटले. या प्रकल्पास २०१७ मध्ये युरोपीय संघाचा शाश्वत ऊर्जा पुरस्कार मिळाला.

डिसेंबर २०२१ मध्ये कचऱ्यासंबंधीचा उपक्रम सुरू झाला. रस्त्यांवरील कचराकुंड्या हटवण्यात आल्या आणि ओला कचरा, पुनर्वापरयोग्य कचरा व उर्वरित कचरा असे वर्गीकरण करून तो घरोघरी जाऊन गोळा केला जाऊ लागला. परिणामी बेटावरील कचराभूमी बंद करता आली.

पर्यटन

तीलोसवर विमानतळ नाही. ऱ्होड्स किंवा अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून नौकेने लिवादियास पोहोचावे लागते. वारा जोराचा असल्यास नौका रद्द होऊ शकतात. बेट शांत राहण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे. मे ते ऑक्टोबर हा पर्यटनाचा हंगाम असून पायी भटकंतीसाठी वसंत व शरद ऋतू अधिक सुखकर असतात. उंच डोंगरवाटांवर सावली कमी असल्याने जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाचा त्रास होतो.

- लिवादिया : उपसागराच्या कडेने पसरलेला गोट्यांचा किनारा व लहान खाणावळी.
- एरिस्तोस : पश्चिमेकडील लांब, मोकळा किनारा.
- प्लाका : झाडांखाली मुक्तपणे वावरणाऱ्या मोरांसाठी परिचित.
- मिक्रो खोरिओ : ओसाड गाव. उन्हाळ्यातील रात्री येथील एका पुनर्बांधित घरात मद्यगृह चालते.
- संत पांतेलेइमोन मठ : वायव्येकडील डोंगरात झऱ्याकाठी असलेला मध्ययुगीन मठ. जुलैच्या अखेरीस येथे वार्षिक उत्सव भरतो. बेट सोडून गेलेली अनेक कुटुंबे त्यानिमित्त परत येतात.

बेटाच्या उत्पन्नात पर्यटनाचा वाटा मोठा आहे. मात्र पाणी, कचरा व जागा यांच्या मर्यादा लक्षात घेता, शेजारच्या बेटांप्रमाणे अमर्याद वाढ तीलोसला पेलणारी नाही. पाहुण्यांच्या आधाराने गाव वर्षभर नांदते ठेवणे आणि त्याच वेळी बेटाची शांतता राखणे, हा येथील स्थानिक धोरणाचा मुख्य प्रश्न आहे.