मोगलाईची हद्द आणि सोलापूर

कोजागिरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्ता माणसांनी भरून जातो. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. संध्याकाळी निघालेली माणसे रात्रभर चालतात आणि उजाडता देवीच्या पायऱ्यांशी पोचतात. १९४८ पर्यंत याच रस्त्यावर एक राज्य संपून दुसरे सुरू होत असे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. सोलापूर मुंबई इलाख्यात, तुळजापूर निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. घर एका राज्यात आणि कुलस्वामिनी दुसऱ्या राज्यात, अशी सोलापूरकरांची पिढ्यान्‌पिढ्यांची स्थिती होती. पलीकडच्या मुलखाला ते ‘मोगलाई’ म्हणत.

या हद्दीवर भिंत नव्हती. करोडगिरीचे नाके होते. माल पलीकडे न्यायचा तर जकात, अलीकडे आणायचा तरी जकात. नाणेही वेगळे: तिकडचे ७ हाली रुपये म्हणजे इकडचे ६ कलदार, हा ठरलेला भाव. बार्शी तालुका इंग्रजी अमलातला, पण त्याच्या बऱ्याच बाजूंनी मोगलाई. कुर्डुवाडीहून निघणारी बार्शी लाइटची छोटी गाडी १९११ पासून लातूरपर्यंत जाऊ लागली, तेव्हा वाटेत डबा तोच राहायचा आणि सरकार बदलायचे. सोलापूर-बार्शीच्या पेठा आणि त्यांचे गिऱ्हाईक यांच्या मधोमधच ही रेषा गेली होती.

रेषेचा एक फायदाही होता. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली. ही बंदी १९४६ मध्ये उठली, पण तोवर तिकडे जे बोलता येत नसे ते हद्द ओलांडून सोलापुरात बोलता येई. चळवळीचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे शालेय शिक्षणही सोलापुरातले.

७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात विलीन होण्याच्या मागणीसाठी सत्याग्रह सुरू झाला. भारत स्वतंत्र झाला त्याच सुमारास स्वामीजी निजामाच्या तुरुंगात गेले. पुढे रझाकारांचा जोर वाढला. त्यांचा पुढारी कासीम रझवी लातूरचा वकील. गावेच्या गावे हद्दीअलीकडे येऊ लागली आणि हद्दीलगत कॅम्प उभे राहिले. कॅम्पवरची तरुण मंडळी रात्री पलीकडे जात, करोडगिरीचे नाके जाळत, लेव्हीची दप्तरे पेटवत, पोलीस चौक्यांवर हल्ले करत. आत गावोगाव पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे द्यावेत, वकिलांनी कोर्टे सोडावीत अशी हाक होती. अबकारीचे उत्पन्न बुडावे म्हणून शिंदीची झाडे तोडली जात होती.

शिंदीच्या झाडांशी सोलापूरचे जुने नाते आहे. ८ मे १९३० रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्यावरूनच प्रकरण पेटले, गोळीबार झाला आणि काही दिवस शहर इंग्रजांच्या हाती राहिले नाही. मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. ज्यांनी लहानपणी हे पाहिले ते १९४७ मध्ये तिशीच्या आत-बाहेर होते. कुऱ्हाड कुठे घालायची हे त्यांना वेगळे शिकवावे लागले नसणार.

बर्लिनच्या भिंतीविषयी आपण मराठीत पुष्कळ लिहिले. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री नाक्यावर लोटलेल्या गर्दीपुढे पहारेकऱ्यांनी फाटक उघडले. तिथे सैन्याला गोळी झाडावी लागली नाही. आपल्याकडे तसे झाले नाही. नाके जळाले, वसुली ढिली पडली, पण कॅम्पवरच्या बंदुकांनी निजाम हटला असता असे मानणे भाबडेपणाचे होईल. १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल चौधरींच्या फौजेची मुख्य फळी सोलापूरहूनच निघाली. त्याच दिवशी नळदुर्ग आणि बोरी नदीवरचा पूल हाती आला. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली.

इथपर्यंतची गोष्ट आपण आवडीने सांगतो. पुढची टाळतो. फाटक उघडल्यावर सूडही आत शिरला. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा हिशेब ज्यांचा त्यांत काही हात नव्हता अशा मुसलमान कुटुंबांकडून वसूल झाला. त्याची चौकशी करायला केंद्र सरकारनेच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठवले. त्यांच्या अंदाजाने संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता, म्हणजे तुळजापूरचा रस्ता जिथे जातो तोच. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. नाके जाळणाऱ्यांचे धाडस मी कमी लेखत नाही, पण एका हाताने त्यांना मानवंदना देताना दुसऱ्या हाताने ही पाने झाकून ठेवणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही.

हाली रुपया पुढेही काही वर्षे चालत राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि कोजागिरीची वाट दोन्ही टोकांनी एकाच राज्यात आली. १७ सप्टेंबरला मराठवाड्याच्या जिल्ह्यांत ध्वजवंदन होते. सोलापूर मराठवाड्यात नाही. हद्द ओलांडून तामलवाडीला जाल, तर तिथे आता महामार्गाचा टोलनाका आहे.